‘चार’ आणि ‘चारा’: मोबाइलसाठी मराठी बोलतं इंजिन बांधताना

‘चारा छावणीत चार जनावरं आहेत.’ मराठवाड्यात कुणालाही हे वाक्य वाचायला द्या. ‘चारा’तला च आणि ‘चार’मधला च वेगवेगळे उच्चारले जातील आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल. पहिला दंततालव्य, ‘त्स’कडे झुकणारा; दुसरा तालव्य, ‘च्य’कडे झुकणारा. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आमच्या इंजिनाच्या पहिल्या आवृत्तीने दोन्ही तालव्यच म्हटले. ऐकणाऱ्यांना नेमकं काय चुकलं ते सांगता येईना, पण ‘हा इकडचा नाही’ एवढं सगळे म्हणाले. मराठी जशी लिहितो तशीच वाचतो, हे शाळेपासून ऐकलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. मोबाइलला मराठी वाचायला शिकवण्याचं निम्म्याहून जास्त काम उरलेल्या अर्ध्यात आहे. मॉडेल, चिप, मेमरी हे सगळं त्यानंतर येतं.

आधी हद्द ठरवली. दोन ते तीन जीबी रॅमचे स्वस्त अँड्रॉइड फोन, आणि नेट नसलं तरी चाललं पाहिजे, कारण शिवारात रेंज मिळेलच असं नाही. ऐकणारे दोन प्रकारचे: टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर, अख्खा फोन चालवणारे अंध वापरकर्ते, आणि बाजारभाव, हवामान, सरकारी मेसेज ऐकून घेणारे लोक. पहिल्यांना आवाज लगेच आणि भरभर हवा असतो, दुसऱ्यांना माणसासारखा. एकाच आवाजात दोन्ही साधताना ओढाताण होते, हे सुरुवातीलाच मान्य केलेलं बरं.

रस्ते तीन होते. ई-स्पीक एनजीसारखं फॉर्मंट पद्धतीचं, म्हणजे आवाज गणिताने घडवणारं, इंजिन आकाराने फार लहान आणि लगेच बोलणारं. आवाज यांत्रिक, पण अतिवेगातही शब्द कळतात, म्हणून अनेक अंध वापरकर्ते ते सोडायला तयार नसतात. दुसरा रस्ता रेकॉर्ड केलेले तुकडे जोडण्याचा, तो जागा फार खातो. तिसरा न्यूरल, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून स्वतः बोलायला शिकणाऱ्या मॉडेलचा. आम्ही २०२१ साली आलेल्या व्हिट्स या रचनेवर गेलो, कारण त्यात मजकुराच्या ध्वनिचिन्हांपासून थेट ध्वनिलहरीपर्यंत एकच मॉडेल असतं आणि ते ओएनएनएक्स या, मॉडेल एकीकडून दुसरीकडे नेण्याच्या, स्वरूपात काढून फोनवर चालवता येतं. ई-स्पीकचे उच्चारनियम आयते वापरायचे असतील तर त्याचा जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना आधी वाचा. तो तुमच्या सगळ्या ॲपला लागू होऊ शकतो. आम्ही मजकूर ते ध्वनी हा भाग स्वतःच लिहिला.

त्या भागाची सुरुवात युनिकोडच्या साफसफाईने होते. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही येतं आणि अ अधिक चंद्र असंही. ‘ऱ्य’ची अडचण जास्त खोल आहे. जुन्या टंकनात तो साधा र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह असा लिहिलेला असतो, नव्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर. ‘अदृश्य चिन्हं काढून टाका’ अशी सरसकट साफसफाई केली की ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, म्हणजे स्वयंपाक्यांचे गुरुजी होतात, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’. म्हणून क्रम असा: आधी जुनी जोडणी ऱ मध्ये बदलायची, मगच उरलेली अदृश्य चिन्हं पुसायची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर आला तर तो युनिकोड नसतोच. तो आधी रूपांतरित करावा लागतो, नाहीतर इंजिन इंग्रजी अक्षरांची रांग वाचत बसतं.

मग आकडे आणि संक्षेप. मराठीत एक ते शंभर हे शंभरही शब्द पाठच करावे लागतात, नियमाने बनत नाहीत. त्यामुळे सरळ तक्ता. त्यावर दीड, अडीच, सव्वा, पावणे, साडे. १५० चं ‘दीडशे’ आणि २.५ एकरचं ‘अडीच एकर’ केलं की ऐकणारा सुखावतो. सातबाऱ्यावरचं १.२०.०० क्षेत्र मात्र दशांश नव्हे, ‘एक हेक्टर वीस आर’ आहे. ‘₹४,८९२’ हा २०२४-२५ च्या खरिपातला सोयाबीनचा हमीभाव. वाक्य तोडणारा भाग स्वल्पविरामावर थांबला तर ‘चार’ म्हणून श्वास घेतो आणि मग ‘आठशे ब्याण्णव’ म्हणतो. ऐकणाऱ्याचे चार हजार तिथेच गेले. आकड्यातला स्वल्पविराम वाक्य तोडण्याआधीच काढायचा. १९४८ हे साल असेल तर ‘एकोणीसशे अठ्ठेचाळीस’, रुपये असतील तर ‘एक हजार नऊशे अठ्ठेचाळीस’. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाची बातमी आमच्या चाचणीत कायम असते, ती याचसाठी.

‘७/१२’ म्हणजे सातबारा, सात डिसेंबर की सात भागिले बारा? आजूबाजूच्या तीन-तीन शब्दांत उतारा, फेरफार, गट, तलाठी यातलं काही सापडलं तर सातबारा. पुढे साल किंवा ‘रोजी’ असेल तर तारीख. काहीच नसेल तरीही सातबारा, कारण इकडच्या मजकुरात तोच जास्त येतो. खतांच्या ग्रेडी तर थेट घड्याळाची सोंगं घेतात. ‘१२:६१:००’ सुटतं, कारण एकसष्ट मिनिटं नसतात. पण ‘१९:१९:१९’ आणि ‘१०:२६:२६’ या अगदी वैध वेळा आहेत. पहिल्या आवृत्तीने ‘एकोणीस वाजून एकोणीस मिनिटं एकोणीस सेकंदांची फवारणी’ सुचवली. आता या दहा-बारा ग्रेडींची यादीच आहे, आणि ‘००:५२:३४’ आम्ही ‘झिरो बावन्न चौतीस’ असंच म्हणतो, कारण दुकानात तसंच मागतात. ‘ता.’च्या पुढे आकडा आला तर तारीख, नाव आलं तर तालुका. आणि ‘ता.’, ‘जि.’, ‘मु. पो.’ यांच्या टिंबावर वाक्य संपवायचं नाही, नाहीतर ‘मुक्काम’ म्हणून सूर खाली पडतो आणि ‘पोस्ट’पासून नवं वाक्य सुरू होतं.

आता उच्चार. अक्षरातला न लिहिलेला ‘अ’ कुठे म्हणायचा आणि कुठे गिळायचा, हा पहिला प्रश्न. शब्दाच्या शेवटी तो जातो, जोडाक्षर असेल तर राहतो: ‘घर’मध्ये गेला, ‘रत्न’मध्ये राहिला. मधल्यांसाठी नेहमीचा नियम उजवीकडून डावीकडे जातो: मागे स्वर आणि पुढे स्वर असलेलं व्यंजन असेल तर ‘अ’ गिळायचा. ‘माजलगाव’, ‘कळमनुरी’, ‘बदनापूर’, ‘पाथरी’ या नियमाने नीट येतात. आणि मग ‘परभणी’ येतं. नियम भ चा ‘अ’ गिळतो आणि ‘परभ्णी’ म्हणतो. लोक र चा गिळतात आणि ‘पर्भणी’ म्हणतात. जिल्ह्याचं नावच चुकलं तर पुढचं कितीही बरोबर असो, विश्वास बसत नाही. म्हणून आठ जिल्ह्यांतल्या ७६ तालुक्यांची नावं हाताने तपासून अपवाद-कोशात घातली आणि मग गावांकडे वळलो. कोशात नुसतं ‘उमरगा’ ठेवून भागत नाही, मजकुरात ‘उमरग्याला’, ‘जालन्याहून’ असं येतं. शोध सामान्यरूपावर व्हावा लागतो. नवं-जुनं नाव बदलून वाचायचा मोह टाळावा. छत्रपती संभाजीनगर लिहिलं असेल तर तेच, जुन्या कागदावर औरंगाबाद असेल तर तेच; इंजिनाचं काम वाचण्याचं आहे.

च, ज, झ हा सगळ्यात वेळखाऊ भाग. पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर तालव्य, हा नियम भरवशाचा: घराची, घराचे, घराच्या. पण ‘घराचा’ आणि ‘घराचं’ दंततालव्य. म्हणजे एकाच शब्दाच्या रूपांत च बदलतो: चमचा-चमचे, माझा-माझी, राजा-राजे. हा बदल कोशात प्रत्येक रूपाला न लिहिता नियमाने केला, तरच कोश हाताबाहेर जात नाही. जिथे पुढे अ, आ, उ, ओ आहे, तिथे शब्दाचं कूळ पाहावं लागतं. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द साधारणतः तालव्य: विचार, चंद्र, जल. इंग्रजीतून आलेलाही: चार्ज, जनरल. फारसी-अरबीतून आलेल्या बहुतेक शब्दांत ज दंततालव्य: जमीन, अर्ज, जप्ती, बाजार, हजार, मजूर. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूत चालायचा, त्यामुळे जमीन आणि महसुलाच्या मजकुरात असे शब्द खच्चून भरलेले असतात. नियम चुकला तर प्रत्येक ओळीत चुकतो. उरतात ‘जग’सारखे शब्द: दुनिया या अर्थी तालव्य, ‘जगणे’चं आज्ञार्थी रूप दंततालव्य. ‘तो जात होता’ आणि ‘त्याची जात’ यांचंही तेच. अशांना शेजारच्या शब्दावरून ठरवतो, आणि कधीकधी चुकतो. पद्धत म्हणाल तर वारंवारितेनुसार पहिले पाच हजार च-ज-झचे शब्द काढायचे, दोन माणसांनी एकमेकांचं न पाहता खुणा करायच्या, जुळले नाही तिथे तिसऱ्याने निर्णय द्यायचा.

अनुस्वार त्या मानाने शिस्तीचा आहे. अंगण, अंजन, अंडं, अंत, आंबा यांत तो पुढच्या वर्गाचं अनुनासिक होतो. ‘संवाद’, ‘संशय’, ‘सिंह’ यांत ‘सौं’सारखा ओठांकडे जातो. आणि ‘केलं’, ‘घरं’ यांच्या शेवटी तो अनुनासिक नसतोच, फक्त ‘अ’ लांबतो. इथे ‘केलम्’ म्हणणारी इंजिनं आम्ही ऐकली आहेत. हिंदीच्या पायावर उभं केलेलं काहीही वापरताना आणखी तीन गोष्टी तपासा: ‘ज्ञान’ हे ‘द्न्यान’ येतं की ‘ग्यान’, ‘कृषी’ ‘क्रुषी’ येतं की ‘क्रिषी’, आणि ‘पैठण’, ‘औंढा’ यांतले ऐ-औ आपल्यासारखे ‘अइ-अउ’ होतात का. म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह यांना स्वतंत्र ध्वनिचिन्हं दिली तर म्हैस, न्हाणी, कोल्हा, कुऱ्हाड स्वच्छ येतात.

आवाज निवडताना गोड गळ्यापेक्षा ण-न आणि ळ-ल सहज वेगळे येणारा माणूस शोधा. वाचताना मुद्दाम जोर देऊन काढलेला ण पंधरा मिनिटांनी थकतो आणि न होतो. मॉडेल ते दोन्ही शिकतं. बोलीचा प्रश्नही इथेच येतो. ‘काय करू लालास’ लातूर-नांदेडकडे ऐकायला गोड वाटतं, पण इंजिनासमोर येणारा मजकूर प्रमाण भाषेतला असतो. म्हणून वाचन प्रमाण आणि गावांची नावं मात्र गावकरी म्हणतात तशी, असं ठरवलं. आवाज देणाऱ्याची लेखी संमती घ्या, आणि आवाज कुठे कुठे वापरला जाईल ते त्यात स्पष्ट लिहा. आयता डेटा हवा असेल तर ओपन-एसएलआर या आवाजांचे संच ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ६४ क्रमांकाचा मराठी संच आहे, अनेक स्त्री-आवाजांचा. लोकांनी आपापल्या माइकवर वाचून दिलेल्या, मोझिलाच्या कॉमन व्हॉइस संचातलं मराठी गोंगाट आणि असंख्य माइक यांमुळे आवाज घडवायला नको, बाकी अभ्यासाला ठीक.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ नसेल तर चालतं, शांतता नसेल तर चालत नाही. लहान खोली, तीन भिंतींवर आणि दारावर जाड वाकळा, खाली सतरंजी. पंखा आणि कूलर बंद, त्यामुळे मेमध्ये पहाटे पाच ते आठ एवढाच वेळ हाताशी. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर किंवा इन्व्हर्टर जोडलेला असला की ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या १००, १५० अशा पटी फायलीत उतरतात, आणि नंतर गाळल्या तर आवाजाचा तळ पोकळ होतो. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, मध्ये जाळी. पातळीची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. नोंद ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. प्रशिक्षणासाठी नंतर २२.०५ किलोहर्ट्झ, १६ बिट. १६ किलोहर्ट्झवर उतरून जागा वाचवायचा विचार आम्ही सोडला, कारण त्यात आठ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जातं. दंततालव्य च मधली सीत्काराची धार वरच्या पट्ट्यातच असते; इतक्या कष्टाने वेगळे केलेले दोन च पुन्हा एकमेकांजवळ सरकतात.

पाच तासांचा शुद्ध ऐवज, सरासरी सहा सेकंदांची वाक्यं म्हणजे तीन हजार वाक्यं. सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वाचू देऊ नका, आणि रोज सुरुवातीला पहिल्या दिवशीची दहा वाक्यं ऐकवून सूर जुळवा. वाक्यं निवडताना ध्वनींच्या जोड्या जास्तीत जास्त येतील असं पाहा. प्रश्न आणि आकडेही हवेत. एक चूक आम्हाला महागात पडली: सगळी वाक्यं लांब घेतली होती. टॉकबॅक दिवसभर ‘परत’, ‘बंद’, ‘हो’, ‘क’ असे सुटे शब्द आणि सुटी अक्षरं वाचत असतो, आणि लांब वाक्यांवर शिकलेलं मॉडेल तिथे अडखळतं, शेपूट लांबवतं, कधी नुसतं फुसफुसतं. मग तीनशे सुटे शब्द-अक्षरं पुन्हा रेकॉर्ड केली. दुसरी गोष्ट, कागदावर ‘केले’ असताना वाचणारा सवयीने ‘केलं’ म्हणतो. हे प्रत्येक ठिकाणी पकडून मजकूर किंवा आवाज, एक काहीतरी बदला. नाहीतर मॉडेलला ए आणि अं एकच वाटू लागतात.

प्रशिक्षणाबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. भाड्याचा जीपीयू (प्रशिक्षणाचं जड गणित करणारी चिप), आधी शिकलेल्या आवाजावरून पुढे शिकवणं, दर काही हजार पावलांनी ठरलेली वीस वाक्यं ऐकणं. फायलींच्या दोन्ही टोकांना सारखीच, साधारण १०० ते १५० मिलिसेकंद शांतता ठेवा. ती कमीजास्त असेल तर मॉडेल वाक्याच्या मध्येच मनाला येईल तिथे थांबायला शिकतं.

मग मॉडेल फोनात मावेल इतकं करणं. दीड कोटी पॅरामीटर (मॉडेलने शिकलेले आकडे), प्रत्येकी चार बाइट, म्हणजे ६० एमबी. सोळा बिटवर आणलं की फाइल निम्मी होते, वेग वाढेलच असं नाही. आठ बिटवर पाव होते, पण ध्वनिलहर घडवणाऱ्या शेवटच्या भागाला आठ बिट केलं की आवाजावर बारीक खरखर बसते, ‘स’ वर सगळ्यात आधी. आम्ही मजकुराकडचा भाग आठ बिट केला आणि लहरीकडचा सोळावर ठेवला. धागे (थ्रेड, एकाच वेळी चालणारी कामं) दोन ते चार पुरे. चिपचे आठही गाभे (कोअर) लावले तर मंद गाभ्यांची वाट पाहण्यात वेग उलट पडतो. आणि ३२ बिटची लायब्ररीही द्या: चिप ६४ बिटची असूनही काही स्वस्त फोनांत अँड्रॉइड ३२ बिटचं असतं.

अँड्रॉइडमध्ये इंजिन म्हणजे टेक्स्ट-टू-स्पीच-सर्व्हिस या वर्गातून बनवलेली सेवा. भाषा विचारली जाते ती तीन अक्षरांत, एम-ए-आर. दोन अक्षरांचा एम-आर तपासत बसलात तर सेटिंग्जमध्ये मराठी दिसणारच नाही. ध्वनी तयार होईल तसा तुकड्यांत द्यायचा, पूर्ण वाक्याची वाट पाहायची नाही. पण मजकूरच तोडला तर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सूर पडतो आणि किराणा यादी वाचल्यासारखं होतं. म्हणून मजकुराकडचा भाग पूर्ण वाक्यावर एकदाच चालवतो आणि लहर मात्र तुकड्यांत घडवतो. सेकंदाला ध्वनीचे २२,०५० नमुने, २५६ नमुन्यांची एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला ८६ फ्रेम. पहिला तुकडा ४३ फ्रेमचा, अर्ध्या सेकंदाचा. दोन्ही बाजूंना थोड्या जास्तीच्या फ्रेम देऊन तयार ध्वनीतून छाटल्या नाहीत, तर सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं. थांबण्याचा आदेश वेगळ्या धाग्यावर येतो. प्रत्येक तुकड्याआधी तो तपासा. टॉकबॅक वापरणारा बोट सरकवत जातो आणि आधीचं वाक्य संपेना झालं तर फोन हातातून गेल्यासारखं वाटतं. दुप्पट-तिप्पट वेगासाठी मॉडेललाच घाई करायला सांगू नका, व्यंजनं गळतात. साध्या वेगात घडवून सॉनिकसारख्या लायब्ररीने आकसा.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फोन बंद करून चालू केला की पिन टाकेपर्यंत ॲपची नेहमीची साठवण कुलूपबंद असते. मॉडेल तिथे असेल तर अंध वापरकर्त्याला पिन टाकायचा पडदा मुका मिळतो. अँड्रॉइड ७ पासून डायरेक्ट बूट ही, पिन टाकण्याआधीच सेवा चालू देणारी, सोय आहे. सेवा त्यासाठी जाहीर करा आणि मॉडेल, कोश, सेटिंग हे सगळं उपकरण-संरक्षित साठवणीत ठेवा.

चाचणी हेडफोनवर करू नका, फोनच्या स्पीकरवर आणि चालत्या लालपरीत करा. खोल पुरुषी आवाज त्या स्पीकरमध्ये बुडतो, हे तिथे लगेच कळतं. उन्हाचीही चाचणी हवी: पारा बेचाळीसवर असताना तापलेली चिप वेग उतरवते. दहा सेकंदांचा आवाज तीन सेकंदांत घडवणारा फोन पंधरा मिनिटं सलग वाचल्यावर किती घेतो, ते मोजा. दहाच्या वर गेला की आवाज तुटणार.

गावांच्या नावांच्या दुरुस्त्या येतच राहतात, म्हणून कोश मॉडेलपासून वेगळी फाइल ठेवा. चाळीस हजार शब्द, प्रत्येकी तीस बाइट, म्हणजे सव्वा एमबीच्या आत. युनिकोडच्या यूटीएफ-८ स्वरूपात एक देवनागरी चिन्ह तीन बाइट खातं, म्हणून आत एक-बाइटी संकेत वापरा. फक्त ध्वनिचिन्हांचे क्रमांक एकदा ठरले की हलवायचे नाहीत, नवं चिन्ह कायम शेवटीच जोडायचं. एकदा यादी अकारविल्हे लावताना क्रमांक सरकले, आणि नव्या कोशाने जुन्या मॉडेलकडून ‘परभणी’ऐवजी जे काही वदवलं, ते कुठल्याच जिल्ह्याचं नव्हतं.